दीड दिवसाची नजर

श्रीवर्धनच्या बाजारात रावजीचा गणपतीचा कारखाना कुठे, हे कुणीही सांगेल. पण त्या कारखान्यातल्या मूर्तींना डोळे कोण देतं, असं विचारलंत तर दहांतली नऊ माणसं रावजीचंच नाव घेतील. रावजीही ते घेऊ देतो. माणूस वाईट नाही, पण दुसऱ्याचं कौतुक चाललेलं दिसलं की तिथं आपली खुर्ची सरकवून बसायची त्याला जुनी खोड आहे.

डोळे द्यायची ती बायजा. एकोणपन्नास वर्षं देत होती. शाडूची मूर्ती साच्यातून निघते, सुकते, घासून गुळगुळीत होते, अंगाला रंग लागतो, सोवळं रंगतं, दागिने चढतात आणि सगळ्यात शेवटी उरतात दोन पांढऱ्या जागा. त्या जागांत भुवईखालची रेघ, बुबुळ आणि बुबुळावरचा पांढरा ठिपका भरायचं काम म्हणजे आखणी. बाकी सगळं काम चार हातांनी झालेलं चालतं. आखणी एकाच हातानं व्हावी लागते आणि एका दमात व्हावी लागते.

बायजा आखणीला बसायची तेव्हा मूर्तीच्या समोर कधी बसायची नाही. मूर्तीचं तोंड दाराकडे करायचं, आपण तिच्या कानाशी बसायचं आणि बाजूनं हात पुढे करून डोळा उघडायचा. ठिपका पडला की उठून मागे जायचं. मूर्तीची पहिली नजर बाहेर रस्त्यावर जावी, आखणाऱ्यावर पडू नये, अशी तिच्या बापानं शिकवलेली रीत होती. त्यामुळे एकोणपन्नास वर्षांत बायजानं हजारो डोळे उघडले आणि त्यांतल्या एकानंही तिच्याकडे पाहिलं नाही. याचं तिला कधी वाईट वाटलं नव्हतं. असल्या गोष्टींचं वाईट वाटायला सवड लागते.

बापाचं नाव सदू. तोही रावजीच्या वडिलांकडे आखणीच करायचा. चौदा वर्षांच्या बायजाच्या हातात त्यानं पहिल्यांदा कुंचला दिला तेव्हा दुसरीही एक गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "पोरी, डोळा आपन काढत न्हाय. आपला उसना देतो. दीड दिवस म्हन, पाच दिवस म्हन, देव त्या डोळ्यांनी घर बघतो. मंग पान्यात जातो नि आपला डोळा आपल्याला परत येतो. म्हनून जे बुडवायचं न्हाय, त्याला डोळं देऊ नको."

बायजानं ते ऐकलं आणि गाठीशी बांधलं. सदूनं मात्र स्वतःचंच सांगणं मोडलं. श्रीवर्धनात सुपारीची मोठी वाडी असलेले भाऊ म्हणून एक गृहस्थ होते. त्यांचे वडील वारले तेव्हा त्यांनी शाडूचा एक अर्धपुतळा करून घेतला आणि डोळे आखायला सदूला बोलावलं. सदू दोनदा नाही म्हणाला. तिसऱ्या वेळी भाऊंची आई स्वतः आली, रडली, आणि सदूचं मन विरघळलं. पुतळा ओटीवर ठेवला गेला. वर्ष फिरायच्या आत सदूला दिसेनासं झालं.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. असेलही. काचबिंदू कुणालाही होतो, त्याला पुतळा लागत नाही. पण पुढचं काय सांगावं? सदू आपल्या घरी, श्रीवर्धनपासून दोन कोसांवर, खाडीकाठच्या वाडीत अंगणात बसलेला असायचा आणि मध्येच म्हणायचा, "भाऊंकडं पावनं आलंत. एक बाई तांबडं लुगडं नेसलेली हाय." संध्याकाळी बाजारातून कुणी आलं की कळायचं, पाहुणे आले होते, तांबडं लुगडंही होतं. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याला कुणीतरी येऊन सांगतं. हंगाम सोडला तर बायजा दिवसभर घरात असायची. कुणी आलेलं नसायचं.

काही वर्षांनी भाऊंच्या घरात रंगकाम निघालं आणि पुतळा माळ्यावर गेला. त्या दिवसापासून सदू पाहुण्यांचं काही बोलला नाही. बायजानं एकदा विचारलं तर म्हणाला, "आता निस्ती कौलं दिसतात."

ही गोष्ट बायजा कुणाला सांगत नसे. सांगितली ती एकदाच, सुनेला. तीही पुष्कळ पुढे.

मधल्या काळात बायजाचं लग्न झालं. नवरा धर्मा, भाऊंच्याच वाडीत सुपारीच्या झाडांवर चढायच्या कामाला. माणूस अबोल. कामावरून यायचा, पाय धुवायचा आणि पायरीवर बसायचा. घरात सासू-सासरे, दीर, जावा. नवऱ्याकडे तोंड वर करून बघायची त्या घरात रीत नव्हती. बायजा चुलीकडे तोंड करून बोलायची, तो अंगणाकडे तोंड करून उत्तर द्यायचा आणि दोघांचा संसार असा पाठीला पाठ लावून चांगला चालला. हर्षद नावाचा मुलगा झाला, मोठा झाला, रोह्याला एका कारखान्यात लागला. अकरा वर्षांपूर्वी धर्माला कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत तो गेला.

त्याचा एकच फोटो होता. हर्षदनं तो माणगावला मोठा करून, काचेत बसवून आणला आणि भिंतीला लावला. मग दोन हजार वीसच्या जूनमध्ये वादळ आलं. सगळ्या किनाऱ्याची उलथापालथ झाली, बायजाच्या घराचे पत्रे समोरच्या चिंचेवर जाऊन बसले आणि दिवसभर पाऊस सरळ घरात पडला. वाऱ्यानं काच फुटली. पाणी ओसरल्यावर फोटो उचलून पाहिला तर सदरा जागच्या जागी होता, मिशी होती, कपाळावरची आठीसुद्धा होती. डोळे तेवढे गेले होते. दोन्ही जागा धुऊन पांढऱ्या पडल्या होत्या. मूळ छोटा फोटो पेटीत होता, त्याचा लगदा झाला. मतदान कार्डावर धर्माच्या तोंडाच्या जागी काळा डाग होता, तो तर आपल्या सगळ्यांच्याच कार्डावर असतो.

फोटो वाळवून, नवी काच घालून तसाच परत भिंतीला गेला. लोक यायचे, बघायचे आणि म्हणायचे, "बायजाकाकी, तुझ्या हातात एवढी कला, मग कर की पुरं." बायजा म्हणायची, "करीन सवडीनं." बापाचं सांगणं पाठीशी होतं. आणि दुसरीही एक अडचण होती, ती बोलून दाखवण्यासारखी नव्हती. धर्माचे डोळे कसे होते, ते तिला आठवत नव्हतं. मान आठवत होती. मानेवरचा भाजल्याचा डाग आठवत होता. झाडाला घासून घासून दगडासारखे झालेले तळवे आठवत होते. डोळ्यांशी आलं की सगळं पांढरं.

यंदा उन्हाळ्यात तिला दिव्यांभोवती कडी दिसू लागली. डॉक्टरांनी तपासून तेच नाव घेतलं, काचबिंदू. आहे तेवढी नजर थेंब घालून सांभाळायची, गेलेली परत यायची नाही. बायजानं रावजीला सांगून टाकलं की हा शेवटचा हंगाम. रावजीला दोन दिवस जेवण गेलं नाही म्हणतात.

तर अशा श्रावणात तेजस्वी एका संध्याकाळी म्हणाली, "आई, उद्या माझ्याबरोबर शाळेत चला." तेजस्वी म्हणजे हर्षदची बायको. श्रीवर्धनच्या हायस्कुलात ती क्लार्क आहे, आणि शाळेच्या हॉलमध्ये मुंबईच्या एका म्युझियमनं आठ दिवसांसाठी प्रदर्शन पाठवलं होतं. फ्रान्समधला एक मोठा चित्रकार, शंभराहून जास्त वर्षं झाली जाऊन, त्यानं काढलेली माणसांची चित्रं. खरी चित्रं नव्हेत, ती कोण इथं पाठवतंय, पण खऱ्या मापाच्या हुबेहूब छापलेल्या प्रती. "नुसते चेहरेच चेहरे आहेत. तुम्हाला आवडतील," तेजस्वी म्हणाली.

हवा दमट होती, मूर्ती सुकत नव्हत्या, हाताला काम नव्हतं. बायजा सुनेबरोबर एसटीनं गेली.

हॉलमध्ये म्युझियमची एक मुलगी होती, अनुया नावाची. ती मुलांना रांगेत उभं करून सांगत होती की हात लावायचा नाही. त्या चित्रकाराचं नाव तिनं बायजाला चार वेळा सांगितलं. ते बायजाच्या जिभेवर काही बसलं नाही, तेव्हा आपणही त्याला 'तो फ्रेंच' म्हणू, बायजा तेच म्हणायची.

पहिली काही चित्रं बायजानं कामगाराच्या नजरेनं पाहिली. रंग जाड लावलाय, हात ठीक आलाय, कान चुकलाय. मग ती हॉलच्या उजव्या भिंतीशी आली आणि थांबली. तिथं ओळीनं अकरा चित्रं होती आणि अकराही एकाच बाईची. कुठे निळ्या पोशाखात, कुठे तांबड्या, कुठे तरुण, कुठे गाल ओघळलेले. केस मधोमध भांग पाडून मागे बांधलेले, हात मांडीवर. आणि डोळ्यांच्या जागी काही नाही. कुठे फिकट निळसर पुसट, कुठे कोरा कॅनव्हास. अकरा चेहऱ्यांवर बावीस जागा मोकळ्या.

"डोळं ऱ्हायलंत," बायजा म्हणाली.

अनुया जवळ आली. "मुद्दाम ठेवलेत, आजी. निदान काही जणांचं तसं म्हणणं आहे. त्याला चित्र पुरं करणं फार जड जायचं. एकेका चित्रासाठी समोरच्या माणसाला शंभर-शंभर वेळा बसवायचा. हलायचं नाही, बोलायचं नाही."

"ही कोन?"

"त्याची बायको."

"जित्ती व्हती तवा काढलान?"

"हो. वीसेक वर्षं काढत होता तिला."

बायजा त्या अकरा चेहऱ्यांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मंग त्याला ठावं व्हतं."

"काय ठाऊक होतं?"

"हिला बुडवनार कोन?" बायजा म्हणाली. अनुयाला अर्थातच त्यातलं काही कळलं नाही. तिनं ते वहीत लिहून घेतलं, शिकलेल्या माणसांना तेवढं एक जमतं.

घरी आल्यावर बायजाचा जीव थाऱ्यावर राहिना. जेवताना तिला वाटलं, भिंतीवरचा धर्मा आणि त्या अकरा बायका एकाच घरातल्या आहेत. सगळी ताटकळलेली माणसं. कुणीतरी येईल आणि पुरं करील म्हणून तोंड वर करून बसलेली. त्या फ्रेंचानं स्वतःचे डोळे वाचवले, बायको तशीच ठेवून गेला, आणि ती बाई आजवर बसलीच आहे. हलायचं नाही, बोलायचं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी बायजा आपली आपण पुन्हा गेली. अनुया जेवायला गेली होती, पोरं वर्गात होती, तेजस्वी ऑफिसात. पाऊस सडकून पडत होता. बायजा निळ्या पोशाखातल्या बाईसमोर येऊन उभी राहिली आणि तेवढ्यात लाइट गेली.

हॉल काळवंडला. चित्रांतले रंग एकेक करून अंधारात गेले, आधी तांबडा, मग निळा, मग हात, मग केस. त्या पांढऱ्या जागा मात्र गेल्या नाहीत. भिंतभर दोन-दोन, दोन-दोन अशा उजळ राहिल्या. बायजाला वाटलं, आपण मागे वळून दाराकडे जावं. पाय वळले नाहीत. उलट इतक्या वर्षांच्या सवयीनं तिचा उजवा हात वर गेला. बुबुळ कुठे बसेल याचं माप ती नेहमी आधी बोटानं घ्यायची, रंगाला न लागता, केसभर अंतर ठेवून. तसं बोट तिनं त्या बाईच्या डाव्या डोळ्याच्या जागेसमोर नेलं.

बोटाच्या टोकाला पापणी लागली.

एकदाच, हलकीशी, उघडून मिटल्यासारखी. बायजानं हात मागे घेतला. कागदाला पापणी नसते हे तिला आपल्याइतकंच कळत होतं. पण झोपलेल्या हर्षदच्या डोळ्यांवरून लहानपणी तिनं शेकडो वेळा बोट फिरवलं होतं. पापणी बोटाला कशी लागते, हे आईला कुणी शिकवायला नको.

ती भिंतीच्या बाकावर बसली. समोर ती बाई. आणि तिथं बसल्या बसल्या बायजाला भीतीपेक्षाही वाईट असं काहीतरी कळलं. या बाईला कुणीतरी वीस वर्षं बघितलं होतं. डोळे दिले नाहीत, पण बघितलं. आपण धर्माला कधी बघितलंच नाही. डोळे विसरायला ते आधी पाहिलेले असावे लागतात. तीस वर्षांच्या संसारात आपण एकदाही त्याच्या डोळ्यांत पाहिलेलं नाही, मग आठवणार काय? या विचाराबरोबर तिला रडू आलं. लाइट आली तरी ते थांबलं नाही.

तेजस्वीनं तिला तसं पाहिलं आणि घरी नेलं. वाटेत एसटीत बायजानं तिला सदूची गोष्ट सांगितली, पुतळ्याची, कौलांची, उसन्या डोळ्यांची. तेजस्वी शिकलेली असली तरी ऐकून घेणारी आहे. ती एवढंच म्हणाली, "मग तुम्ही बाबांच्या फोटोला हात लावू नका, आई. आहे ती नजर राहू दे."

प्रदर्शन आवरताना अनुयाला निळ्या चित्रावर डाव्या डोळ्याच्या जागेपासून हनुवटीपर्यंत ओलाव्याचा एक ओघळ दिसला. तिनं तेजस्वीला दाखवला, हवेला दोष दिला आणि चित्र खोक्यात भरलं. श्रावणात श्रीवर्धनला काय ओलं होत नाही म्हणा.

पण बायजाचा बेत तोवर ठरला होता. बापाच्या सांगण्यातच तिला वाट सापडली. जे बुडवायचं नाही त्याला डोळे देऊ नयेत. ठीक आहे. मग धर्माला बुडवायचा. घरचा गणपती दीड दिवसाचा असतो. चतुर्थीला धर्माचे डोळे उघडायचे, दीड दिवस त्याला मन भरून बघायचं आणि दुसऱ्या दिवशी गणपतीबरोबर फोटोही समुद्रात सोडायचा. उसनं दिलेलं परत येईल. फोटो जाईल, पण एकदा पाहिलेले डोळे तर राहतील.

रावजीकडची शेवटची मूर्ती तिनं तृतीयेला आखली, कुंचला धुतला आणि पहिल्यांदाच तो घरी घेऊन आली.

चतुर्थीला दुपारी गणपती बसला, नैवेद्य झाला. हर्षद आणि तेजस्वी शेजारी आरतीला गेले. बायजानं भिंतीवरून फोटो काढला, काच बाजूला केली आणि फोटो पाटावर उभा केला. दाराकडे तोंड करून नव्हे. आपल्याकडे तोंड करून. त्याच्या कानाशी ती बसली नाही, समोर बसली. काय काढायचं ते तिला माहीत नव्हतं. पण मूर्तीचे डोळे तरी तिला कधी आधी माहीत असत? पांढऱ्यात कुंचला टेकवायचा आणि श्वास धरायचा, बाकीचं हात करतो. उजवा झाला. डावा झाला. मग दोन ठिपके.

धर्मानं तिच्याकडे पाहिलं.

डोळे बारीक होते, थोडे मिचमिचे, आयुष्यभर झाडांच्या शेंड्यांकडे उन्हात बघून झाले असतील तसे. रागीट नव्हते. दुःखीही नव्हते. चुलीवर काही शिजत असताना माणूस जसा निवांत बघत बसतो तसे ते बघत होते. बायजानं पदर सावरला. त्रेसष्ट वर्षांची बाई ती, कानापर्यंत लाजली. मग स्वतःलाच हसली आणि बघत राहिली.

आरतीहून हर्षद आला तो दारातच थांबला. फोटोकडे बघून त्याचा चेहरा उतरला. फोटोजवळ येऊन म्हणाला, "आई, तुला कसं कळलं? बाबा अस्संच बघायचे."

"कुणाकडं?"

"तुझ्याकडे. तू चुलीपाशी पाठमोरी असलीस की पायरीवरून मान वळवून बघत राहायचे. तू वळलीस की अंगणाकडे बघायचे. मला वाटायचं, तुला माहीत असेल."

 गणपतीसमोरच्या समईची ज्योत बायजाला त्या वेळी दोन दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीचे कोपरे गेले. दहाच्या सुमारास गणपतीचा मुकुट दिसेना. दुपारी जेवायला बसल्यावर तिनं भाताऐवजी पाटावर हात ठेवला. तेजस्वीनं तो हात उचलून भातावर नेला. मग ती म्हणाली, "संध्याकाळ होऊ दे. मग सगळं ठीक होईल ना, आई?" बायजा म्हणाली, "व्हईल." एवढं बोलून तिनं फोटोकडे तोंड केलं. फोटो तिला दिसत होता. जगातली तेवढी एकच गोष्ट स्वच्छ दिसत होती.

संध्याकाळी विसर्जन निघालं. गावातले पाचपन्नास गणपती किनाऱ्यावर, ढोल, गुलाल, पोरांचा गोंगाट. बायजाला त्यातला नुसता आवाज ऐकू येत होता, बाकी सगळीकडे धुकं. फोटो टॉवेलात गुंडाळून तिनं छातीशी धरला होता. हर्षद मूर्ती घेऊन कमरेएवढ्या पाण्यात गेला. तेजस्वीनं सासूचा दंड धरला आणि तिला गुडघाभर पाण्यात आणलं. "सोडा आता," ती कानाशी म्हणाली. "पटकन सोडा."

बायजानं टॉवेल काढला आणि फोटो खाली नेला. लाटेचं पाणी चौकटीच्या कडेला लागलं, मग धर्माच्या सदऱ्याला लागलं. तेवढ्यासरशी धुकं फाटलं. तिला लाटेचा फेस दिसला. तेजस्वीची हिरवी साडी दिसली, साडीवरचा गुलाल दिसला, लांब पाण्यात डुबकी मारून वर आलेला हर्षद दिसला. म्हणजे बाप खोटं बोलला नव्हता. पाणी आणखी वीतभर वर आलं असतं तर सगळं परत आलं असतं.

तिनं खाली पाहिलं. पाणी धर्माच्या हनुवटीला टेकत होतं आणि तो तिच्याकडे बघत होता. आता ती पाठमोरी नव्हती.

बायजानं फोटो वर उचलला.

"आई, काय करताय?" तेजस्वीनं हात पुढे केला. बायजानं फोटो टॉवेलात घेतला, पदराखाली धरला आणि म्हणाली, "घरला चल." समुद्राकडे पाठ करून ती चालू लागली. किनाऱ्यावरच्या वाळूत पोचेपर्यंत हिरवी साडी गेली, फेस गेला, सगळं गेलं.

याला आता महिना झाला. डॉक्टर म्हणतात, काचबिंदू असा झपाट्यानं वाढतो कधीकधी, म्हाताऱ्या माणसांनी थेंब वेळेवर घालायला हवेत. रावजीनं आखणीला पेणहून माणूस आणायचं ठरवलंय आणि येईल-जाईल त्याला सांगतो की बायजासारखा हात पुन्हा व्हायचा नाही. हे तो आधी सांगता तर काय बिघडतं?

बायजा दिवसभर दाराच्या पायरीवर बसते, धर्मा बसायचा तिथं, अंगणाकडे तोंड करून. फोटो तिच्या मागे भिंतीवर आहे, दाराच्या बरोबर समोर. परवा तेजस्वी शाळेतून आली. हळूच आली, चपला हातात घेऊन, म्हाताऱ्या माणसाचा डोळा लागला असेल म्हणून. सासूला ओलांडून आत गेली, चपला ठेवायला दाराकडे फिरली, तशी बायजा न वळता म्हणाली, "छत्री मोरीत ठेव, पानी गळतंय. नि पाठीला पदर फाटलाय तुजा, खिळ्याला लागला काय?"

तेजस्वीनं पदर पुढे ओढून पाहिला. फाटला होता.  बायजा अंगणाकडेच तोंड करून बसली होती, डोळे मिटून.

"आई," तेजस्वीनं विचारलं, "तुम्हाला काय दिसतं?"

बायजा म्हणाली, "हे घर दिसतं. तू दिसतेस. गनपतीचा मोकळा पाट दिसतो." मग थांबून म्हणाली, "नि दाराशी एक बाई बसलेली दिसते. पाठमोरी."

 तेजस्वीला रडू येत होतं आणि भीतीही वाटत होती, दोन्ही सांगून टाकलेलं बरं.

"तिचं त्वांड न्हाय दिसत," बायजा म्हणाली. "लई दिवस झालं, त्यो वाट बघतोय."

मग ती चौकट धरून उठली, चाचपडत दोन पावलं आत आली, पाट ओढून घेतला आणि भिंतीकडे तोंड करून बसली. दोन्ही हात मांडीवर ठेवले. जरा थांबली, आणि डोक्यावरचा पदर मागे सारला.